ज्याचा वॉल त्याचा नारळ

आमच्या पाणीखात्यात एक रीत होती. मोठ्या लाइनीवर नवा वॉल, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप, बसवला की ज्यानं त्याचं माप काढलं असेल त्यानंच नारळ फोडायचा. फिटरनं नाही, वॉलमननं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. मग पाणी सोडायचं, पलीकडच्या तोटीला पहिला तांब्या भरायचा आणि माप काढणाऱ्यानंच तो साहेबांपुढे न्यायचा. साहेब उजवा तळवा पुढे करायचे. त्यावर पाणी घातलं की ते डोळ्यांना लावायचे आणि म्हणायचे, "चाललं." बस, एवढंच. पगार वाढायचा नाही की हुद्दा वाढायचा नाही. पण त्या एका शब्दासाठी मी जीव टाकत असे, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

मी ओव्हरसियर होतो. अंबरनाथला स्टेशनच्या पश्चिमेला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, घरात मी आणि बायको. साहेबांच्या हाताखाली तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत मी सहा नारळ फोडले होते. ते मी मोजून ठेवले होते. साहेब मला 'तू' म्हणत. इतरांना ते 'अहो-जाहो' करत, मला मात्र 'अरे, इकडे ये', आणि त्यात मला मुलाला हाक मारल्यासारखं वाटे. मी मनातल्या मनात त्यांच्या घरातलाच होऊन बसलो होतो. त्यांना याचा पत्ता होता की नाही, देव जाणे.

आमची पाण्याची तऱ्हा साधी होती. बदलापूरला नदीवर पंप. तिथून पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून ते आपल्याच जोरावर खाली यायचं, अर्धं अंबरनाथला आणि अर्धं वालधुनी नदी ओलांडून कॅम्पांत. कॅम्प म्हणजे लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्यांत आणून उतरवलं होतं, आणि बराकींच्या त्या रानाला उल्हासनगर असं नाव नुकतंच चिकटलं होतं. टाकी उंच, कॅम्प सखल, त्यामुळे पाणी धावत सुटे आणि बराकींचे जुने नळ सांध्यांत फुटत. म्हणून कॅम्प एकच्या तोंडाशी पाण्याचा जोर कमी करणारा वॉल बसवायचं ठरलं. बिडाचं मोठं धूड, आत एक चकती आणि डोक्यावर स्प्रिंग. पलीकडे जोर वाढला की चकती आपोआप खाली बसते, कमी झाला की वर उचलली जाते.

माप काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माप काढायची माझी पद्धत म्हणजे पाइपाचं तोंड मोजायचं. पाइप दहा इंची, म्हणून वॉल दहा इंची. पायाएवढा जोडा घ्यावा तसा पाइपाएवढा वॉल घ्यावा, हे मला माझ्या आधीच्या ओव्हरसियरनं शिकवलं होतं आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. दहाचा वॉल आला, बसला. मी नारळ फोडला, तांब्या नेला, साहेब "चाललं" म्हणाले. तो माझा सहावा.

महिना झाला नाही तोच वॉलमन दारात उभा. हा वॉलमन बदलापूरकडचा शेतकरी, पावसाळ्यात भात लावायचा आणि बाकीचं वर्ष आमच्या चाव्या फिरवायचा. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "सायेब, तुमचा वॉल हिव भरल्यागत दात वाजवतोय."

जाऊन पाहिलं तर खरंच. आतली चकती तडतड तडतड आपटत होती आणि तिच्याबरोबर सगळी लाइन हादरत होती. पहिल्या बराकीतली एक बाई मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि फळीवरची पितळी भांडी दाखवली. ती एकमेकांवर किणकिणत होती. "सारा दिन," ती म्हणाली, "सारा दिन ऐसेच." सकाळी नळाला गर्दी असेपर्यंत जरा बरं असे. दुपारी पाणी कमी लागलं की तडतड सुरू. सांध्यांतलं शिसं सुटायला लागलं. साहेबांनी विचारलं, "हे काय रे?" मी म्हणालो, कारखान्यानं स्प्रिंग वाईट दिली. स्प्रिंग बदलली. मग म्हणालो, चकतीचं चामडं वाईट. तेही बदललं. वॉल आपला तडतडतोच आहे.

अशा वेळी साईं आला.

आम्ही सगळे त्याला साईंच म्हणायचो, कारण तो सगळ्यांना साईं म्हणायचा. सिंधी लोकांत आदरानं तसं म्हणतात. तिकडे, जे आता परदेश झालं त्या बाजूला, तो एका शहराच्या पाणीखात्यात होता. इकडे कॅम्प एकच्याच एका बराकीत, गोणपाट टांगून केलेल्या अर्ध्या खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहत होता. साहेबांनी त्याला नकाशे काढायला तात्पुरता ठेवून घेतला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. धुवून धुवून विरलेला पण इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं इतकं मऊ की चीड यावी. साहेब पहिल्या दिवसापासून त्याला 'तुम्ही' म्हणाले. आठ वर्षं ज्या 'तू'चा मी अभिमान मिरवला, तो 'तू' त्या दिवशी मला पहिल्यांदा टोचला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जाऊन माझ्या वॉलवर हात ठेवला. वैद्य नाडी बघतो तसा पाच मिनिटं नुसता हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साईं, बुरा मत मानना. वॉल में खराबी नहीं है. वॉल बडा है."

मी म्हणालो, "पाइप दस का है."

"पाइप तो दस का ही चाहिए. पाइप को पानी ले जाना है. वॉल को पानी रोकना है. दोनों का काम अलग, तो नाप भी अलग."

हे तो मला एकट्याला म्हणाला असता तर मी कदाचित सोसलं असतं. पण साहेब मागे उभे होते. ते पुढे झाले, साईंच्या हाताशेजारी त्यांनी आपला हात वॉलवर ठेवला आणि म्हणाले, "सांगा बरं नीट." माझ्या वॉलवर त्यांनी आजवर कधी हात ठेवला नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिची चव त्या दिवशी कळली.

मग साईंनं मोजमाप सुरू केलं. एका लांब बांबूवर त्यानं इंचाइंचाच्या खुणा कोरल्या आणि टेकडीवर टाकीच्या काठाशी जाऊन बसला. ठरावीक वेळी पंपाचं पाणी पाव तास बंद, अंबरनाथची शाखा पाव तास बंद, फक्त कॅम्प चालू. पाव तासात टाकी बांबूवर किती उतरली ते लिहायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, असे आठ दिवस. कॅम्प भरात असताना किती पाणी पितो आणि सुस्तावलेला असताना किती, हे त्याला हवं होतं. आठ वर्षांत आम्हांला कोणाला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

साहेबांचे गुडघे दुखायचे. त्या टेकडीवर मी दोनदा त्यांना बोलावलं होतं, एकदा टाकीला तडा गेला तेव्हा आणि एकदा नवी शिडी बसवली तेव्हा. दोन्ही वेळा "तू बघ रे, माझ्याच्यानं चढवत नाही" म्हणाले. साईंच्या बांबूसाठी ते चढले. काठी टेकत, मध्ये दोनदा बसत, पण चढले. मी खाली होतो. वर दोघं टाकीच्या काठावर शेजारी शेजारी बसलेले दिसत होते आणि साहेब आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याला देत होते. तो चहा साहेबांच्या घरून यायचा. आठ वर्षांत तो मला एकदाही मिळाला नव्हता. मी खालून बघत राहिलो.

घरीही सुटका नव्हती. एका संध्याकाळी साईं नकाशावर माझी सही घ्यायला आला. मी अजून पोचलो नव्हतो, म्हणून बायकोनं त्याला बसवलं आणि सहज विचारलं, तो कॅम्पातला वॉल एवढा का हादरतो हो? मी आलो तर हा गृहस्थ आमच्या मोरीशी उकिडवा बसलेला, हातात आमचा भरलेला हंडा. "भाभी, देखो. हंडे में से कप भरो." बायकोनं हंडा कलवला. कपात एकदम भसकन पडलं, मग काहीच नाही, मग पुन्हा भसकन. "अब लोटे से भरो." तिनं तांब्यातून धार धरली, कप सरळ भरला. "बस. दस इंची वॉल हंडा है. दोपहर को कॅम्प को कप जितना पानी चाहिए. वॉल बेचारा जरासा खुलता है, फिर डरके बंद होता है, फिर खुलता है. इसलिए दांत बजाता है."

"अहो, किती सोपं आहे!" बायको मला म्हणाली. "तुम्ही कधी असं सांगितलं नाहीत."

मी सही केली. साईं गेल्यावर चहा गोड झाल्याचं निमित्त करून तिच्यावर ओरडलो. ती मोरीत सांडलेलं पाणी पुसत बसली.

त्यानंतर मी जे केलं ते कोणालाच ठाऊक नाही. साईंनं काढलेल्या आकड्यांची नक्कल मी कचेरीतून घरी आणली आणि तीन संध्याकाळी ते गणित पुन्हा केलं. त्याची चूक सापडावी म्हणून. टाकीची उंची, कॅम्पची उंची, वॉलच्या अलीकडे जोर किती, पलीकडे किती हवा, भरात पाणी किती, सुस्तीत किती. पुस्तक उघडून, सूत्रं काढून, पाट्या पुसून पुसून केलं. उत्तर साडेपाच इंचांच्या आसपास आलं. साडेपाचाचा वॉल मिळत नाही, म्हणून सहाचा. साईंनंही सहाच लिहिला होता. तिसऱ्या संध्याकाळी मी पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि जेवलो नाही. तो चुकला असता तर मी त्याला आनंदानं माफ केलं असतं. बरोबर निघाला, हे मात्र मला माफ करता येईना.

म्हणजे पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं नाही, एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

थंडी सरताना सहाचा वॉल आला. दहाच्या पाइपाला दोन्हीकडून निमुळते तुकडे जोडून मध्ये तो बसवला. माझा दहाचा काढून गोदामात टाकला. नारळ अर्थात साईंचा. त्याला आमच्यासारखा दगडावर आपटून फोडता येईना, तेव्हा वॉलमननं हात धरून दाखवलं. साईं नारळ घेऊन माझ्यापाशी आला. "साईं, हम दोनों फोडेंगे. लाइन तो आपकी है." मी म्हणालो, रीत तशी नाही. मग त्यानं फोडला, तांब्या नेला, साहेबांनी तळवा पुढे केला. "चाललं," म्हणाले, आणि वर साईंच्या पाठीवर थाप दिली. ती थाप रीतीत नव्हती.

वॉल चालायला लागला आणि आवाज बंद. फळीवरची भांडी गप्प झाली. मी मात्र साईंला पाण्यात पाहत राहिलो.

खड्ड्यावर लाद्यांचं झाकण घालायचं होतं, पण सिमेंटचं परमिट अडकलं होतं. त्यामुळे खड्डा उघडाच राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसे की जाडजूड पाइप इथं येऊन एकदम बारीक होतो. त्यातच चैत्र लागला, नदी खाली गेली आणि बदलापूरचा एक पंप दुरुस्तीला निघाला. कॅम्पचं पाणी दोन तास कमी झालं. कारण पंप. खात्यात हे प्रत्येकाला माहीत होतं.

खड्ड्याजवळ एका सिंध्याची चहाची टपरी होती. एका दुपारी मी तिथं चहा पीत होतो. टपरीवाल्यानं खड्ड्याकडे बोट दाखवून विचारलं, "साब, ये पाइप का गला किसने दबाया?" बाकावर आणखी चार-पाच माणसं होती. ती माझ्याकडे बघू लागली.

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पाणी पंपामुळे कमी आहे, वॉलमुळे नाही. त्याऐवजी मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मैंने तो दस का बिठाया था. अब छह का है. जिसने हिसाब किया वो आपके ही कॅम्प में रहते हैं, उनको पूछो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

चार दिवसांत कॅम्पभर झालं. दस का छह कर दिया. बाकीचं चार इंच पाणी अंबरनाथच्या कारखान्यांना विकलं. आपल्याच माणसानं विकलं. ज्यांचं घरदार, दुकान, सगळं मागे राहिलं होतं आणि ज्यांना बादलीभर पाण्यासाठीही रांगेत उभं राहावं लागत होतं, त्यांनी दुसरं काय समजावं? त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी दहा पाहिला होता आणि आता सहा दिसत होता. माझं ओव्हरसियरचं डोकं तरी त्याआधी आठ वर्षं याहून वेगळं कुठं चाललं होतं?

साईं एका सकाळी माझ्या टेबलाशी आला. डोळे सुजलेले. म्हणाला, नळाच्या रांगेत आईचा डबा बायकांनी उचलून बाहेर ठेवला. "बोले, अपने बेटे के छह इंच में से भर." म्हातारी रिकामा डबा घेऊन परत आली. शेजारी गोणपाटापलीकडून बोलेनासे झाले होते. तिकडून जहाजात बरोबर आलेली माणसं.

"साईं," तो म्हणाला, "मैं समझाऊं तो बोलेंगे झूठ बोलता है. आपका वॉल निकाला गया, आप बोलोगे तो मान जाएंगे. एक बार आ जाओ. हंडा, लोटा, सब मैं लाऊंगा. आप सिर्फ बोलना कि वॉल बराबर है."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. या जगात त्याला सोडवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो मी होतो. हे कळलं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी फार बरं वाटलं. मी म्हणालो, रविवारी सकाळी येतो.

रविवारी सकाळी मी बायकोला घेऊन बदलापूरला सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांकडे फणस उतरवला होता. हाताला खोबरेल चोपडून मी स्वतः तो कापला, गरे काढले, भरपूर खाल्ले, दुपारी ताणून दिली. बायको एकदा म्हणाली, "आज तुम्हांला त्या साईंकडे जायचं होतं ना?" मी म्हणालो, पुढच्या रविवारी. चिकाचे डाग मात्र तेल लावूनही दोन दिवस हातावरून गेले नाहीत.

सोमवारी वॉलमननं सांगितलं. साईंनं बराकीसमोर स्टूल मांडलं होतं. त्यावर भरलेला हंडा, तांब्या, कप. माणसंही जमली होती. "धा वाजल्यापासून उभा व्हता. बोलत व्हता, ओव्हरसियर साब आते हैं, आते हैं. बारा वाजले तवा लोक हसाया लागले. कोनीतरी हंडा लाथाडला. म्हातारीनं तो उचलला नि आत नेला." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, सासरे आजारी होते.

पुढच्या आठवड्यात कचेरीवर मोर्चा आला. वरून हुकूम आला: लोकांची मागणी आहे, पहिला वॉल परत बसवा. साहेब फोनवर अर्धा तास भांडले. फोन ठेवून बाहेर आले, मला म्हणाले, "तुझा दहाचा काढ गोदामातून," आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

ज्या दिवशी तो बसला त्याच्या आदल्या दिवशी बदलापूरचा पंप दुरुस्त होऊन आला होता. पाणी सोडलं तर जुन्यासारखं भरपूर. लोकांनी टाळ्या पिटल्या, टपरीवाल्यानं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. वॉल माझा, म्हणून नारळही माझा, सातवा. मी तो फोडला, तांब्या भरला आणि साहेबांपुढे नेला.

साहेबांचे दोन्ही हात मागे बांधलेले होते. मी तांब्या धरून उभा राहिलो. ते पाण्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "भांडी वाजतील आता," एवढं म्हणून ते गाडीकडे चालू लागले. गळ्यात हार, हातात तांब्या, असा मी तिथंच उभा होतो.

साईंनं महिनाअखेर नोकरी सोडली. गुजरातकडे कुठं तरी जागा मिळाली म्हणत. जाताना तो आमच्या घरी येऊन बायकोला नमस्कार करून गेला, मी नसताना. माझ्याबद्दल काही बोलला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमची तब्येत विचारली."

वॉल पुन्हा तडतडायला लागला होता. पण साईं गेल्यावर तीन-चार दिवसांनी मी पाहायला गेलो तर गप्प. कान लावला, हात ठेवला, काही नाही. वॉलमन शेजारीच बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "तो साईं जाताना सांगून गेला. अलीकडला चावीनं फिरवायचा गेट वॉल हाय ना, तो सात फेरे बंद करून तारेनं बांधून ठेव, बोलला. आर्धा जोर तिथंच मरंल, मग दहाचा बी दात वाजवणार नाय." मग बिडीची राख झटकून, "बोलला, ओव्हरसियर साब को बोलना, उनका वॉल अच्छा चलेगा."

इथं मला लाज वाटली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. लाज मागाहून आली, वर्षांनी आली. त्या क्षणी मला वाटला तो हेवाच. ज्या माणसाचा मी असा घात केला, तो जाता जाता माझाच वॉल दुरुस्त करून गेला, आणि हे मला आधी सुचलं नव्हतं. मोठेपणातही त्यानं मला मागे टाकलं, याचाच मला राग आला. तारेची गाठ घट्ट आहे ना, तेवढं पाहिलं आणि सायकलवर बसलो.

तीनेक वर्षांनी साहेब निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या लाइनीवरून एक फेरी मारली. कॅम्प एकच्या खड्ड्यावर एव्हाना लाद्या पडल्या होत्या. वॉलमननं एक उचलली. साहेब गुडघ्यावर हात देऊन वाकले आणि ऐकत राहिले. दुपारची वेळ, सुस्तीची. वॉल अगदी शांत.

"हा वाजत नाही रे," ते म्हणाले.

"नाही साहेब."

"दहाचा, आणि वाजत नाही? कसं काय?"

"अलीकडचा गेट सात फेरे बंद ठेवलाय. अर्धा जोर तिथं मरतो."

साहेब सरळ झाले. माझ्याकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी. "कोणी सुचवलं?"

वॉलमन लादीला हात लावून उभा होता. बिडी विझलेली, तोंडात तशीच. त्याची नजर मला जाणवत होती. साईं गुजरातेत कुठं तरी. नाव घ्यायला मला एवढीशीही किंमत पडणार नव्हती.

"मीच," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा उजळला. "अरे," ते म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललास? सहाचा बसवावाच लागला नसता, त्या माणसाला जावं तरी लागलं नसतं." मग मान हलवत, "जाऊ दे. शिकलास. एवढं तरी झालं." त्यांनी वॉलमनला तोटीला तांब्या भरायला सांगितलं आणि तो माझ्या हातात द्यायला लावला. "त्या दिवशी राहिलं होतं," असं म्हणून त्यांनी उजवा तळवा पुढे केला.

मी पाणी घातलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

"चाललं," साहेब म्हणाले.

वॉलमननं माझ्या हातातून तांब्या घेतला, उरलेलं पाणी मातीत ओतलं आणि माझ्याकडे न बघता लादी जागेवर सरकवली.